केर कोणी काढायचा?

दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच काम निघते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, कोपऱ्यातली जळमटे निघतात, भिंतींवरून रंगाचा नाही तर चुन्याचा हात फिरतो, आणि या सगळ्याच्या शेवटी घरातल्या बाईची कंबर धरते. नेमक्या याच दिवसांत अलीकडे एका यंत्राच्या जाहिराती आपल्यापुढे येऊ लागल्या आहेत. परातीएवढे गोल, चार-पाच बोटे उंच असे हे यंत्र आपले आपण घरभर फिरते, केर ओढून घेते, पोटाखाली लावलेल्या ओल्या फडक्याने फरशी पुसते, आणि दमले की आपल्या दावणीला जाऊन विजेचा चारा खाऊ लागते. रोबो व्हॅक्यूम क्लीनर असे त्याचे लांबलचक नाव आहे. लोक नुसते रोबो म्हणतात. शहरात नोकरी करणाऱ्या मुलांच्या तोंडून हे नाव आता हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या खेड्यातही येऊन पोचले आहे, आणि नावापाठोपाठ प्रश्नही पोचला आहे : आपल्या घराच्या जमिनीला यातले कोणते यंत्र चालेल?

प्रश्न दुकानातला आहे आणि दुकानात त्याचे उत्तरही मिळते. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फार जुना आहे. घरातला केर कोणी काढायचा? या प्रश्नाचे उत्तर आपण आजवर दिलेच नाही, कारण तो आपण कधी विचारलाच नाही. केर निघत होता, एवढे आपल्याला पुरेसे होते. आता ‘यंत्राने काढायचा’ असे उत्तर समोर आले, तेव्हा कुठे ध्यानात आले की इथे एक प्रश्न होता. म्हणून दोन्ही प्रश्नांचा विचार बरोबरीने करावा असे मला वाटते. सुरुवात दुकानातल्या प्रश्नापासून करू. पायाखालची जमीन माणसाला फार लवकर वस्तुस्थितीवर आणते.

केर ओढून घेणारे यंत्र काही आजचे नाही. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअराने असे यंत्र बांधले. ते एवढे अवजड होते की घोडागाडीवरून न्यावे लागे. गाडी रस्त्यात उभी राही आणि खिडकीतून लांबच लांब नळ्या घरात सोडल्या जात. पुढे यंत्र लहान झाले, त्याला चाके आली, दांडा आला. पण त्या दांड्याला कोणाचा तरी हात लागतच होता. हा हात सुटला तो २००१ साली, स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचे ‘ट्रायलोबाइट’ बाजारात आले तेव्हा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीचा ‘रूंबा’ आला. सुरुवातीचे रूंबा आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखे भिंतींवर आपटत, वाट बदलत फिरत. आजची चांगली यंत्रे लेसर किरण फिरवून भिंतींची अंतरे मोजतात, घराचा नकाशा स्मरणात ठेवतात आणि नांगरटीत तासाला लागून तास पडावे तशी सरळ रेघांनी घर उरकतात.

असे हे यंत्र आपल्या मुलखातल्या जमिनींवरून चालवून पाहू. पहिली जमीन सारवलेली. मातीवर शेणाचा हात फिरवून तयार केलेली ही जमीन म्हणजे वरचा एक पातळ पापुद्रा असतो. शिंदीच्या पानांची केरसुणी त्याला चालते, कारण ती केर पुढे सारते, जमिनीला ओढत नाही. यंत्राचे काम नेमके उलट. त्याच्या पोटातला पंखा ओढतो आणि फिरता ब्रश खरवडतो. सारवणाचे पोपडे केर समजून ते डब्यात भरील, आणि डबा ओतताना आपण आपली जमीनच थोडी थोडी उकिरड्यावर नेऊन टाकू. ओले फडके लावले तर चिखल होईल. तात्पर्य, सारवलेल्या घराला यातले कोणतेच यंत्र चालत नाही. दुकानात हे उत्तर सहसा ऐकू येत नाही, कारण सारवलेल्या घरातून त्या दुकानात सहसा कोणी जात नाही.

दुसरी जमीन शहाबादी फरशीची. शहाबाद आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे; निजामाच्या काळात मराठवाडा आणि शहाबाद एकाच राज्यात नांदत होते. आमच्याकडच्या ओसऱ्या, शाळा, देवळे या करड्या चुनखडी दगडाने भरलेली आहेत. ही फरशी टणक असली तरी तिचा पृष्ठभाग थोडा उंचसखल असतो, आणि दोन फरश्यांमधली दरज काही वर्षांनी उखडते. काळ्या रानातून आलेल्या पायांची माती त्या दरजांत जाऊन बसते. इथे फडक्यापेक्षा ओढीला महत्त्व. यंत्राच्या खोक्यावर ही ओढ पास्कलमध्ये लिहिलेली असते. कुठे दोन हजार, कुठे पाच हजार, कुठे दहा हजारांच्याही वर. आकडा ऐकून दिपून जाण्याचे कारण नाही. समुद्रसपाटीवर हवेचा दाबच सुमारे एक लाख पास्कल असतो. पाच हजार म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. शिवाय फरशी उंचसखल असली की बाजूने हवा शिरते आणि ओढ तेवढी कमी पडते. तेव्हा अशा जमिनीसाठी ओढ जास्त असलेले, आणि तोंडापाशी जमिनीला टेकून चालणारा ब्रश असलेले यंत्र बघावे. आणखी एक गोष्ट : शहाबादी काय किंवा संगमरवर काय, दोन्ही दगड आम्लाने खातात. पाण्याच्या टाकीत लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लाचे कोणतेही औषध घालू नये.

तिसरी जमीन काळ्या कडाप्प्याची, किंवा काळे-पांढरे पट घातलेली. इथे यंत्राची एक मौजेची फजिती होते. जिन्यावरून गडगडत खाली पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली अवरक्त किरण सोडणारे डोळे बसवलेले असतात. किरण जमिनीवर आपटून परत आले तर पुढे जमीन आहे. परत आले नाहीत तर पुढे खड्डा आहे, मागे फिर. काळा रंग हे किरण पिऊन टाकतो. मग भर दिवाणखान्यात, सपाट फरशीवर, यंत्राला आपल्यापुढे दरी दिसते आणि ते थबकते. काळी फरशी किंवा गर्द रंगाची सतरंजी असलेल्या घराने विकत घेण्याआधी यंत्र अशा जमिनीवर चालवून पाहावे. सतरंजीच्या कडेचे गोंडेही आत दुमडून ठेवावेत, नाहीतर ते ब्रशात गुंततात.

मोझॅकची फरशी, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून घासलेली, ही या यंत्राची सर्वांत लाडकी. गुळगुळीत, बारीक दरजांची, पाण्याला न भिणारी. साधारण ओढीचे, फडके लावणारे यंत्र तिथे सुखाने नांदते. नव्या घरांतल्या व्हिट्रिफाइड टाइल्स तर पाणी जवळजवळ पीतच नाहीत. पण त्यांच्या चकाकीवर ओल्या फडक्याचे ओघळ दिसतात. म्हणून पाणी बेताचे आणि फडके वरचेवर धुतलेले हवे. मळक्या फडक्याने पुसणे म्हणजे एका खोलीतला मळ साऱ्या घराला सारखा वाटून देणे. संगमरवराला वेगळी काळजी. वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण असतो, म्हणून आधी कोरडा केर ओढून घ्यावा आणि मगच फडके फिरवावे. नाहीतर फडक्याखाली सापडलेला कण चरे पाडतो. हळदीच्या घरालाही हाच नियम. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमच्या जिल्ह्यात हळदीची धूळ घरात यायला काही निमित्त लागत नाही. तिच्यावर थेट ओले फडके फिरले तर फरशी पुसली न जाता माखली जाते.

आपली मुले अमेरिकेत-इंग्लंडात गेली, तिथल्या जमिनी आणखी निराळ्या. लाकडी पट्ट्यांच्या जमिनीत पाणी मुरले की सांधे फुगतात. तिथे फडके जेमतेम ओलसर हवे. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या गालिच्यात धूळ मुळापर्यंत उतरते. तिथे ओढ मोठी हवी, केस विंचरल्यासारखा आत शिरणारा ब्रश हवा, आणि गालिचा लागताच ओले फडके वर उचलून घेणारे यंत्र हवे.

इथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता या यादीकडे जरा दुरून पाहा. शेणाच्या जमिनीपासून टाइल्सपर्यंत यंत्राची पसंती वाढत गेली आणि ती एकाच गुणाकडे वाढत गेली. यंत्राला सपाटी हवी. अंथरूण उचललेले हवे, चपला रांगेत हव्यात, विजेच्या वायरी वर बांधलेल्या हव्यात. आणि मुख्य म्हणजे उंबरठा नको. बहुतेक यंत्रे साधारण दोन सेंटिमीटर उंचीची पायरी चढतात. अलीकडची काही त्याहून थोडी अधिक चढतात. आमच्याकडच्या जुन्या घराचा उंबरठा वीतभर उंच. या यंत्राला तो म्हणजे देवगिरीचा तटच.

कोणी म्हणेल, पाहा, यंत्र आले की घराला आपल्या साच्यात बसवू लागते. हे खरे आहे. पण केवळ तेवढ्यासाठी गळा काढावा असे मला वाटत नाही. प्रत्येक साधन माणसाला थोडे आपल्यासारखे करते. जात्याने घराचा एक कोपरा मागितला, चुलीने धुराडे मागितले, सायकलने रस्ता मागितला. आणि उंबरठा ही काही निर्मळ वस्तू नव्हे. त्याच्या आत कोणी यायचे आणि बाहेर कोणी उभे राहायचे, हे ठरवण्यासाठी आपण तो शतकानुशतके वापरला आहे. तेव्हा यंत्र आपल्या घराकडून काय मागते यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. आजवर आपण आपल्या घरातल्या माणसांकडून काय मागत आलो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. कोपऱ्यात ठेवलेली केरसुणी उचलून पाहावी. ती केवढी असते? हातभर. तिने केर काढायचा तर पाठ कमरेतून मोडावी लागते, किंवा उकिडवे बसून सरकावे लागते. खाटेखालचा एक कोपरा काढायला वाकावे लागले तर त्यात नवल नाही. पण सबंध घर, आणि तेही दिवसातून दोन वेळा? रस्ते झाडणाऱ्याच्या खराट्याला लांब काठी बांधलेली असते. युरोपातल्या शेतकऱ्याच्या घरातला झाडूही कित्येक शतके लांब दांड्याचा आहे. तिथली बाई उभी राहून झाडते. आपल्या घरातल्या केरसुणीला मात्र काठी लागली नाही. वेळू आपल्याकडे उगवत नाही असे नाही. दोरी वळणारे हातही गावात होते. सारा खर्च एका काठीचा आणि हातभर सुतळीचा. हे आपल्याला इतक्या पिढ्यांत का सुचले नाही?

मला एकच कारण दिसते. केरसुणी कशी असावी हे ठरवणारा आणि तिने झाडणारी, ही दोन माणसे वेगळी होती. नांगराची रुमणी पुरुषाच्या हातात. ती त्याच्या हाताच्या बेताची झाली. गाड्याचे जू बैलाच्या मानेला लागू नये म्हणून आपण त्याला चिंध्या गुंडाळल्या. पण घरातल्या वाकलेल्या पाठीचे दुखणे हे साधनाचे वैगुण्य आहे असे कोणाला वाटलेच नाही. ते बाईच्या जातीचे लक्षण मानले गेले. म्हणून हजारो रुपयांचे यंत्र घेण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की बाळगावी. पाठ सरळ करायला यंत्र लागत नव्हते. काठी पुरली असती. काठी लावली गेली नाही याचा अर्थ, अडचण साधनाची नव्हती, ध्यान नसण्याची होती. ज्या घराचे ध्यान काठीकडे गेले नाही, त्या घरात यंत्र आले तरी ते कोणासाठी आले हे तपासून पाहावे लागेल.

या बाबतीत दोन थोर माणसांचा वाद आठवतो. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कडक टीका केली. पण सगळ्याच यंत्रांना तुमचा विरोध आहे काय, असे १९२४ साली कोणी विचारले, तेव्हा त्यांनी एक अपवाद सांगितला : सिंगरचे शिवणयंत्र. कारण काय, तर सिंगरने बायकोला हाताने टाके घालून शिणताना पाहिले आणि तिचा शीण वाचावा या प्रेमापोटी यंत्र बनवले. सिंगरचे खरे चरित्र वाचले तर तो इतका प्रेमळ नवरा दिसत नाही, ही गोष्ट निराळी. पण गांधीजींनी लावलेली कसोटी त्याने खोटी ठरत नाही. यंत्रामागे लोभ आहे की कोणाच्या शिणाची कणव, असे ते विचारत होते. दुसरीकडे डॉ. आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची झडती घेतली. यंत्राशिवाय फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय माणसाला माणूसपणाचे जिणे नाही, असे त्यांचे म्हणणे. दोष यंत्राचा नसून, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. दोघांचे रस्ते वेगळे. पण केराच्या प्रश्नापाशी ते एका ठिकाणी येतात. यंत्राची किंमत ते किती केर उचलते यावरून ठरत नाही. ज्याची पाठ आज वाकलेली आहे त्याला फुरसत मिळाली की नाही, यावरून ती ठरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. झाडलोट हे सेवेचे, पावित्र्याचे काम आहे. ते यंत्रावर सोपवणे म्हणजे एक साधना गमावणे. आमचा मुलूख तर या साधनेचाच. नामदेवांचे गाव म्हणून परंपरा सांगते ते नरसी हिंगोली जिल्ह्यातले, आणि त्यांच्या घरी दासी म्हणून राहिलेली जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. जनाबाईच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, तिने झाडून काढलेला केर भरून टाकतो. हे अभंग आपण भक्तीने गातो. पण त्यांतली एक गोष्ट नजरेतून निसटते. देव जनीच्या घरी आला तो झाडलोटीचे माहात्म्य सांगायला आला नाही. ‘तू झाडतेस ही केवढी पुण्याई’ असे म्हणून तो ओसरीवर बसून राहिला नाही. तो कामाला लागला. श्रमाची थोरवी गाण्याचा अधिकार श्रमात वाटा उचलणाऱ्याला असतो. ज्याने कधी केरसुणी धरली नाही त्याने केर काढण्यातल्या साधनेविषयी बोलू नये, एवढे पथ्य तरी पाळले पाहिजे.

गाडगेबाबांनी हे पथ्य जन्मभर पाळले. १८७६ साली जन्मलेला हा माणूस १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव हिंडला. गावात शिरला की आधी हातात खराटा, रस्ते साफ. आणि रात्री कीर्तन. आधी कीर्तन आणि मग ‘तुम्ही झाडा’ असा क्रम त्यांनी ठेवला नाही. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, गावे उजळली, हे चांगलेच झाले. पण बाबांचा खरा धडा स्वच्छतेपुरता नव्हता. झाडणाऱ्याला हलका समजणारा जो केर मनात साचतो, तो त्यांना काढायचा होता. आणि हा केर कोणत्याही यंत्राच्या डब्यात जात नाही.

तो केर किती जुना आहे हे या सणातच दिसते. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. केरसुणीला पाय लागू देत नाही, दिवेलागणीनंतर केर काढत नाही. साधनाविषयी एवढा आदर फार थोड्या समाजांत असेल. पण ही लक्ष्मी बांधली कोणी? शिंदीची पाने आणून, वाळवून, चिरून, वळून केरसुण्या बांधण्याचे काम महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाने केले. त्यांच्या हातची केरसुणी देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि ते हात उंबरठ्याबाहेर राहिले. जात म्हणजे कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. त्याचे उदाहरण दर दिवाळीला आपल्या पाटावर मांडलेले असते. वस्तूला पूजले आणि माणसाला वगळले. उद्या रोबोलाही कोणी हळदकुंकू लावील, त्याला माझी हरकत नाही. पण वस्तूच्या पूजेने माणसाचे देणे फिटते, ही जुनी सवय तेवढी त्याच्याबरोबर पुढे जाऊ नये.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. शहरात घरोघरी झाडूपोछा करून संसार चालवणाऱ्या हजारो बाया आहेत. त्यांतल्या कित्येक मराठवाड्यातल्याच, दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे हे काम म्हणजे नोकरी आहे एवढे तरी मान्य झाले. यंत्र घरात आले आणि बाईचे काम सुटले, तर तिची पाठ वाचली असे म्हणणे क्रूर विनोद होईल. पाठ वाचली आणि पोट गेले. इथे गांधीजींची कसोटी अगदी सरळ लावता येते. यंत्र खरोखर तिच्या कणवेने आणले असेल, तर ते तिच्याच हाती द्यावे आणि पगार आहे तेवढाच ठेवावा. वाचलेला तास तिचा. असे करायची तयारी नसेल तर नसो. कोणी कोणावर सक्ती करत नाही. पण मग पैसे वाचावेत म्हणून, किंवा सोय व्हावी म्हणून यंत्र घेतले असे सरळ म्हणावे. दयेचे नाव घेऊ नये.

आता शेवटची गोष्ट घराच्या आतली. शिकवण्याच्या धंद्यात असल्यामुळे शाळेचे एक दृश्य रोज डोळ्यांपुढे असते, आणि ते एका शाळेचे नाही. वर्ग झाडायची वेळ आली की केरसुणी मुलींच्या हातात जाते आणि बाक सरकवायला मुलगे पुढे होतात. कोणी तसे सांगितलेले नसते. सांगावे लागत नाही, हेच त्यातले वाईट. आता समजा, अशा मुलाच्या घरी रोबो आला. तो आयुष्यात कधीच केर काढणार नाही. आणि केर काढणे आपले काम नाही, ही त्याची समजूत अबाधित राहील. फरक एवढाच, की पूर्वी ते काम आईचे होते, आता यंत्राचे. पण ते खरोखर यंत्राचे असते काय? यंत्र चालण्याआधी कोणीतरी खुर्च्या उचलतो. चालल्यानंतर कोणीतरी केराचा डबा रिकामा करतो, ब्रशात गुंतलेले केस ओढून काढतो, मळके फडके धुतो, टाकीत पाणी भरतो. आपल्या घरांत हा ‘कोणीतरी’ कोण असेल, हे सांगायला भविष्य जाणावे लागत नाही. जी केर काढत होती, तीच आता केर काढणाऱ्याची चाकरी करील.

म्हणून दुकानदार विचारतो त्या प्रश्नांच्या आधी घराने आपल्यापुरते तीन प्रश्न विचारावेत. घरात आज रोज वाकते कोण? यंत्र निवडताना शेवटचा शब्द त्या व्यक्तीचा आहे काय? आणि त्याचा डबा रिकामा करण्याची पाळी कोणाकोणाची? तिसऱ्या प्रश्नाला घरातल्या सगळ्यांची नावे आली, मुलगे आणि बाप धरून, तर मग फरशी शहाबादी असो की संगमरवरी, यंत्र त्या घरात शोभेल. शहाबादीला ओढ जास्त, संगमरवराला आधी कोरडे मग ओले, काळ्या फरशीवर आधी चालवून पाहणे, हे सारे मग उपयोगाचे. आणि तिसऱ्या प्रश्नाला एकच नाव आले, तर यंत्राचे पैसे तूर्त पेटीत ठेवावेत आणि आधी घरातली केरसुणी महिनाभर सगळ्यांच्या हातांतून फिरवावी. महिन्याने ज्या घराची पाठ दुखेल, त्या घराला यंत्र का हवे हे नीट समजलेले असेल.

सारवलेल्या घरांचे काय? तिथे कोणतेच यंत्र चालत नाही, हे वर आलेच आहे. त्या घरांतल्या बायांना आपण ‘फरशी होईपर्यंत थांबा’ असे सांगणार असू, तर ते सांगणे आजवरच्या सगळ्या सांगण्यांसारखेच होईल. त्यांच्यासाठी या दिवाळीत एक साधन हाताशी आहे, आणि त्याला वीज लागत नाही. नवी केरसुणी आणाल तेव्हा बरोबर चार हात लांब, हलकी, गुळगुळीत केलेली एक वेळूची काठीही आणा. केरसुणीची मूठ तिला घट्ट बांधा. लक्ष्मीपूजनाला ती तशीच, काठीसकट, पाटावर मांडा. आणि पाडव्याच्या सकाळी तिने पहिला केर काढायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाला द्या. चार हातांच्या काठीने त्याला फार वाकावे लागणार नाही.